कान पुरला की शाळा

जगातल्या कुठल्याही मुलाला शाळेत घालायला एक हात आणि एक कान एवढंच लागतं, यावर माझ्या शेजाऱ्याच्या सासूबाईंची अढळ श्रद्धा होती. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. वर्ध्याकडच्या बालवाडीत हयात घालवून त्या सहा महिन्यांसाठी लेकीकडे टेक्सासमधल्या प्लेनोला आल्या. अपार्टमेंटच्या आवारात दिसेल त्या पोराला त्या उभं करत, उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला लावत आणि डावा कान हाताला लागतो का ते बघत. लागला तर मूल शाळेला तयार, नाही तर पुढच्या वर्षी. जन्मदाखले नसतानाची ही परीक्षा अमेरिकेत चालत नाही, असं मी एकदा सांगून पाहिलं. त्यांनी माझीच परीक्षा घेतली आणि काठावर पास केलं.

आवारातली बरीच मुलं मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबांची. मावशींना स्पॅनिश येत नव्हतं आणि मुलांना मराठी. यामुळे कुणाचं अडल्याचं मला दिसलं नाही. कपडे धुण्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर ताटात तांदूळ पसरून त्या मुलांकडून एबीसीडी गिरवून घेत. जावयाची बिर्याणी त्यापायी दोनदा हुकली, तेव्हा त्याचं शिक्षण झालेलं आहे, एवढंच त्या म्हणाल्या.

फक्त लूसिया बोलायची नाही. पाच वर्षांची, कान केव्हाच पुरलेला, पण तोंडातून शब्द नाही. ऑगस्टमध्ये तिची शाळा सुरू होणार होती आणि त्याआधी मुलाला किती बोलता-समजता येतं याची शाळेत तपासणी होती. तिची आई रोसा हॉटेलात खोल्या आवरायची. मुलगी मागे पडू नये म्हणून तिनं घरात स्पॅनिश बंद केलं होतं. रोसाचं इंग्रजी चार-सहा वाक्यांचं, त्यामुळे घरात बोलणंही तेवढंच उरलं होतं. फोनवरच्या ॲपवर शिकलेल्या स्पॅनिशच्या जोरावर मी हे सगळं काढून घेतलं आणि मावशींना सांगितलं. त्या एवढ्या चिडलेल्या मी एकदाच पाहिल्या.

"लेकरू मुकं नाही जी," त्या म्हणाल्या, "त्याच्याशी कोणी बोलूनच नाही राहिलं. इंग्रजी शिकवायला शाळा आहे. गोष्ट कोण सांगणार?"

मी भाषांतर केलं आणि रोसा रडायला लागली. माझ्या स्पॅनिशनं तोवर लोक फक्त हसले होते.

दुसऱ्या दिवसापासून रोसा त्याच बाकावर लेकीला ससा आणि कोल्ह्याची गोष्ट सांगू लागली. शेजारी मावशी, एक शब्द न कळता, "हं... हं" करत हुंकार द्यायच्या. महिन्याभरानं लूसियानं आईची चूक काढली: कोल्हा आधी नाही, नंतर येतो.

जुलैअखेर मावशी परत गेल्या. तपासणीला रोसाबरोबर मी गेलो. त्या तिथं असायला हव्या होत्या, असं मला सारखं वाटत होतं. तपासणाऱ्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, एखादी गोष्ट येते का? लूसिया गप्प. मग त्यांनी स्पॅनिशमध्ये विचारलं आणि तिनं ससा-कोल्हा अथपासून इतिपर्यंत ऐकवला. नंतर उठली, हात डोक्यावरून नेऊन कान धरला आणि निकालाची वाट बघत उभी राहिली. हे काय, असं बाईंनी विचारल्यावर रोसानं शांतपणे उत्तर दिलं, "आमच्याकडे शाळेत घालताना असंच बघतात."

संध्याकाळी मी वर्ध्याला फोन केला. मावशींनी आधी कान पुरला का ते विचारलं. मी हो म्हणालो.

"आणि गोष्ट पूर्ण सांगितली तिनं?"

मी सगळी गोष्ट सांगायला घेतली. पलीकडून "हं... हं" ऐकू येत राहिलं, आणि ससा घरी पोचेपर्यंत तो आवाज भिजून गेला होता.