बाप-लेकीची प्रवेश परीक्षा

एकतीस वर्षांची झाली तरी घरात ती चिंगीच होती. बाहेर विमा कंपनीत ती ठोकलेल्या गाड्यांचे दावे तपासायची, गॅरेजवाल्यांच्या थापा तोंडावर पकडायची, आणि तिच्या सहीशिवाय साधा आरसासुद्धा मंजूर होत नसे. पण घरी जेवणाच्या टेबलाशी बाबा समोर बसले की ती पुन्हा शाळकरी पोर व्हायची. बाबा गणिताचे मास्तर, आता निवृत्त. उत्तर बरोबर पण पायऱ्या गाळलेल्या असल्या, की ते सरळ भोपळा द्यायचे. त्यामुळे शाळेत त्यांचं नाव पडलं भोपळे मास्तर. ते नाव त्यांना माहीत होतं, आणि मनातून आवडायचंही.

ऑफिसात वरची जागा मिळायला मॅनेजमेंटची पदवी लागणार होती, म्हणून चिंगीने प्रवेश परीक्षेला बसायचं ठरवलं. भाषेची तिला फिकीर नव्हती, गणिताची होती. तरी बाबांना विचारायचं तिच्या स्वप्नातही नव्हतं. विचारलं ते आईने.

"अहो, घरात मास्तर असताना पोरगी क्लास शोधतेय. बघा ना जरा."

बाप आणि लेक, दोघांनीही आईकडे सारख्याच रागाने पाहिलं.

टक्केवारी, गुणोत्तर कसंबसं पार पडलं. मग आला डेटा सफिशियन्सीचा धडा. त्यात एक प्रश्न असतो आणि खाली दोन विधानं. उत्तर काढायचं नसतं. पहिल्या विधानावरून ते निघेल का, दुसऱ्यावरून निघेल का, की दोन्ही एकत्र घ्यावी लागतील, की तरीही नाहीच, एवढंच सांगायचं असतं.

बाबांनी चष्मा चढवून वाचलं. "आयताचं क्षेत्रफळ किती? विधान एक, परिमिती अठ्ठावीस. विधान दोन, कर्ण दहा."

चिंगीने क्षणभर पाहून खूण केली. "दोन्ही मिळून पुरतात. पुढचं."

"क्षेत्रफळ किती?"

"ते नकोय त्यांना."

"पहिल्याच ओळीत विचारलंय. डोळे फुटले का?"

"निघेल का, एवढंच विचारलंय, बाबा. लांबी-रुंदीची बेरीज कळली, त्यांच्या वर्गांची बेरीज कळली. गुणाकार निघणारच."

"निघणारच म्हणे! मग काढून दाखव. अशी गणितं करतात कामचुकार लोक."

त्यांनी कागद ओढला, समीकरण मांडलं, सहा आणि आठ काढले, अठ्ठेचाळीस लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. तोवर चिंगी मोबाइलवर वेळ मोजत होती.

"एवढ्यात माझे तीन प्रश्न झाले असते."

"गॅरेजच्या बिलांवर बरोबरच्या खुणा मारून मारून गंजलंय तुझं डोकं," बाबा म्हणाले.

हे तिला लागलं. "सातवीत अख्ख्या वर्गासमोर तुम्ही मला उभं केलंत," ती म्हणाली. "माझं उत्तर बरोबर होतं. वर्षभर पोरं मला भोपळ्याचं बी म्हणायची."

"पायऱ्या नव्हत्या."

"इथे तर उत्तरही नकोय. आणि तेवढंच तुम्हाला जमत नाहीये."

"पुरे!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. पण ऐकणार कोण!

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंगीने बाबांच्या चहाच्या कपाशेजारी सरावाचा पेपर ठेवला. "सोडवा. मी वेळ लावते." यात दुष्टपणा होता आणि तो तिला ठाऊक होता. बाबा माघार घेणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी प्रत्येक प्रश्न मुळापासून सोडवला, प्रत्येक उत्तराखाली दोन रेघा मारल्या, आणि वेळ संपली तेव्हा निम्मा पेपर कोरा होता. चिंगीने लाल पेनाने तपासला. दूध द्यायला आलेली शेजारीण दारातच होती, तरी तिने मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "नापास!"

दिवसभर ती खुशीत होती.

त्यानंतर बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ते आधी जेवून उठायचे आणि सकाळी सकाळी वाचनालय गाठायचे. चिंगीला वाटलं, तोंड चुकवताहेत. चुकवू देत.

परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाशी रांग होती. पुढे कुठेतरी रखवालदाराचा आवाज चढला.

"काका, पालकांनी बाहेर थांबायचं."

"पालक नाही. उमेदवार."

चिंगीने मान उंचावून पाहिलं. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात ओळखपत्र, बाबा ताठ उभे. मागच्या दोन मुली फिदीफिदी हसल्या. धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं चिंगीला झालं. बाबांनी वळूनही पाहिलं नाही.

आत ते नेमके तिच्या पुढच्या रांगेत आले. कच्च्या कामाचा कागद त्यांच्या उजव्या हाताशी होता आणि तिला तो स्पष्ट दिसत होता. गणिताचा भाग सुरू झाला, आयत, वर्ग, विधान एक, विधान दोन, सगळं आलं, पण कागद कोराच. बाबा नुसता माउस दाबत पुढे चालले होते. त्यांच्याकडे बघता बघता तिचे येणारे प्रश्नही राहून गेले.

निकाल लागला. चिंगीला भाषेने तारलं आणि परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. गणितात मात्र बाबा तिच्या बरेच पुढे होते. त्यांनी निकालाची छापील प्रत तिच्या ताटाशेजारी सरकवली. कित्येक आठवड्यांनी त्यांच्या तोंडून शब्द फुटला. "वाच."

"तुम्ही एकही उत्तर काढलं नाहीत," ती म्हणाली. "तुमचा कागद कोरा होता. मी बघत होते."

"काढायचं नव्हतंच."

"मग मला कशासाठी भोपळा दिला होतात?"

बाबांनी शांतपणे घास गिळला. "तेव्हा मी मास्तर होतो आणि तू विद्यार्थी. आजही त्यात फरक पडलेला नाही."

"मी जाईन तेव्हा सोडायला येऊ नका."

"येणार होतं कोण?"

"दोघांची टाळकी एकमेकांवर आपटली पाहिजेत," आई म्हणाली आणि पाठ फिरवून भांडी घासू लागली.

चिंगी गेली आणि कॉलेजजवळ भाड्याची खोली घेऊन राहिली. पुढची बातमी तिला फोनवर आईकडून कळली. बाबांनी घरातच त्या परीक्षेचा क्लास काढला होता, आणि दारावरच्या पाटीवर स्वतःचे गुण रंगवून घेतले होते. सुट्टीत ती कपडे न्यायला आली तेव्हा उंबऱ्यात चपलांचा ढीग होता. बाहेरच्या खोलीपासून तिच्या खोलीपर्यंत बाकं मांडली होती, पलंग गॅलरीत उभा करून ठेवला होता, आणि कपड्यांची दोन खोकी त्याच्या आडोशाला कोंबली होती. आतून कुणाची तरी खरडपट्टी चालल्याचं ऐकू येत होतं.

बाबा दारात आले. "वर्ग चालू आहे. मागच्या दाराने जा."

ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेली. आई चहाच्या कपांची रास विसळत होती. विद्यार्थ्यांचे कप होते ते.

"आई, तू माझ्याकडे चल."

आईने नळ बंद करून हात पुसले. "थांब, पिशवी भरते."

निघाल्या त्या मात्र पुढच्या दाराने, भर वर्गातून. बाबांचा खडू फळ्यावरच थांबला.

"कुठे निघालीस?"

"लेकीकडे. कालचं उरलेलं फ्रीजमध्ये आहे."

पोरं खाली माना घालून बसली. बाबांनी फळ्याकडे तोंड फिरवलं.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाल्यावर चिंगीने आईचा हात धरला आणि बोलायला तोंड उघडलं.

"गप्प बस," आई हात सोडवून घेत म्हणाली. "तुझ्यासाठी नाही आले मी."