मनकर्णाचे लाडू अन् आमचं ‘बेस’

मनकर्णा शाळेत खिचडी शिजवे. बारा वर्षं झाली. नवरा नाई, एकच पोरगी निशा, अहेरीले बारावीत. पुढं तिले नर्स करायचं होतं. पगार थोडका, पन हक्काचा. माही शेजारीन होती अन् तिचा घात आमी आयाबायांनीच केला, हे मी बायनाबाई आपल्या तोंडानं सांगून राह्यली.

मागच्या उन्हाळ्यात तिनं मोहफुलाचे लाडू काढले. पाकिटात भरे, वरून आपल्या हातानं तारीख लिही अन् दारोदार इचारे, “कसे लागले?” आता सांगा, आमच्या इथी कोनाच्या हातच्या खान्याले कोनी नाव ठेवते का? मोहफूल तं आमच्या घरोघरी वाळते, इकत कोन घेईल? पन सगळ्यायनं म्हन्तलं, “बेस.” मीबी म्हन्तलं.

बाई हुशार होती. बचत गटाच्या मॅडमनं तिले सांगतलं होतं, गोड बोलन्यावर जाऊ नको, दुसऱ्यांदा कोन घेते ते पाहा, तीच खरी मागनी. येडीनं हे आमच्याजवळच बोलून दाखवलं. मंग काय, तिचं मन कसं मोडावं म्हनून आमी दुसऱ्यांदाबी घेतलं. तिसऱ्यांदाबी.

तिनं खिचडीचं काम सोडलं. तिच्या जागी दुसरी बाई लागली. मनकर्णा लाडू घेऊन अहेरीच्या बाजारात बसली. तिथं ना शेजारी, ना सोयरे. लोक पाकीट उलटून पाहेत अन् ठेवून देत. चार बाजार बसली, मंग सोडून देल्लं.

परवा ती माह्या घरी आली. “शाळेत परत घेतील का, इचारून पाहा ना बाई,” म्हने. घेत नाईत, मले माहीत होतं. ती उठली, तं माही सून नंदिनी, नवीनच हाय बिचारी, पाहुनी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हनून फळीवरून पाकीट घेऊन आली. मनकर्णाचंच. न फोडलेलं, तिच्याच अक्षरातली तारीख.

“अजून हायेत का, बाई?” मनकर्णानं तिले इचारलं.

“लय हायेत,” सून म्हने.

ती माह्याकडं वळली. “सगळ्यायच्या घरी असेच हायेत?”

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मी तिच्याशी खोटं बोलली नाई. हो म्हनून मान हालवली.

तिनं पाकीट पिशवीत टाकलं. “तवाच सांगतलं असतं बाई,” म्हने, “तं काम तरी राह्यलं असतं.”