गुडघ्याखालचं रान

सासऱ्यांनी तिचं नाव 'घोरपड' ठेवलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी. शिलाई मशीनचा एक स्क्रू फरशीच्या फटीत गेला होता आणि तो काढायला ती दोन तास पालथी पडून राहिली होती. "एकदा धरलं की सोडायची नाही ही," असं ते येईल-जाईल त्याला सांगत. सासरे बस दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले मेकॅनिक, कानांनी जरा अधू. त्यामुळे सुनेचं हे कौतुक साऱ्या गल्लीला ऐकू जाई.

तयार कपड्यांच्या दुकानांमुळे शिलाईची कामं आटली, तेव्हा तिला शहराबाहेरच्या वनस्पती संस्थेत नोकरी लागली. काम तिच्या हातचंच होतं, फक्त कापड बदललं होतं. जंगलातून आणून वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली रोपं जाड पांढऱ्या कागदावर मांडायची आणि दोऱ्याने बारीक टाके घालून पक्की करायची. देठाला टाका, मुळाला टाका, सुटी फुलं पाकिटात, खाली उजव्या कोपऱ्यात माहितीची चिठ्ठी. पहिले सहा महिने तिला सगळं गवतच वाटलं. पण नऊ वर्षं रोज दहा-बारा रोपं हाताखालून गेल्यावर ती नुसत्या स्पर्शाने सांगू लागली, हे सावलीतलं, हे उन्हातलं, हे पाण्याकाठचं.

संस्थेच्या मागेच जंगल होतं आणि जंगलातून एक बारमाही ओढा वाहत होता. त्याच्या काठाने फिरण्यासाठी पक्का रस्ता करायचं ठरलं. योजनेचा अहवाल संस्थेकडे मत मागायला आला. त्याची बांधणी सुटली होती, म्हणून तो घोरपडीच्या टेबलावर येऊन पडला. टाके घालता घालता तिने एक पान वाचलं. त्यात शेहेचाळीस जातींच्या झाडांची यादी होती आणि खाली एक ओळ होती: 'एकही झाड तोडले जाणार नाही. फक्त खालचे तण काढले जाईल.'

सुई तशीच अडकवून ती संस्थेच्या प्रमुखांकडे गेली.

"सर, तण म्हणजे काय हो? परवा मी शिवला तो काळ्या देठाचा नेचा तण? खडकाला बिलगून वाढणारी ती जांभळ्या फुलांची तण?"

सरांनी चष्मा काढला. "मला पटतंय तुमचं. पण त्यांच्याकडे झाडांचे आकडे आहेत. आपल्याकडे खालच्या रोपांचं काय आहे? वर्षानुवर्षं सगळे मान वर करूनच जंगल मोजत आलेत. सहा महिन्यांनी बैठक आहे. तिथे तक्रार चालणार नाही, आकडे लागतील. आणि मोजायला माझ्याकडे माणूस नाही."

"मी आहे की," ती म्हणाली.

सासऱ्यांनी वायरिंगच्या पाइपची चौकट बनवून दिली. लांबी एक मीटर, रुंदी एक मीटर. "आणि लिहायला मी येणार," त्यांनी परस्पर जाहीर केलं. रविवारी दिवसभर आणि आठवड्यातून दोन दिवस कामाआधी दोघं ओढ्यावर जाऊ लागले. चौकट जमिनीवर ठेवायची आणि आत गुडघ्याखाली जे जे मूळ धरून उभं असेल ते मोजायचं. अनोळखी रोपाला ती तात्पुरतं नाव द्यायची आणि एक फांदी वहीत दाबायची.

"बाबा, लिहा. कुत्र्याचा कान, तीन!"

"कुणाचं पान?"

"कान! कुत्र्याचा!"

तिच्या ओरडण्याने माकडं लांब पळायची, आणि वहीत तरीही 'पान'च लिहिलेलं असायचं.

सहा आठवड्यांनी बावीस चौकटींचा हिशेब घेऊन ती ऐटीत सरांसमोर उभी राहिली. सरांनी वही चाळली.

"चौकट कुठे ठेवायची हे कुणी ठरवलं?"

"मीच. जिथे दाट दिसलं तिथे."

"मग हे बाद," सर हळूच म्हणाले. "ते म्हणतील, बाईंनी छान छान तेवढं निवडून दाखवलं. आणि ते बरोबर असेल."

त्या दिवशी तिने एकही टाका घातला नाही. घरी येऊन सरांच्या नावाने भांडी आपटली. मग जेवताना तिचाच आवाज खाली आला. "चूक माझीच आहे, बाबा."

"इंजिन उलटं जोडलं गेलं, तर परत उघडतात," सासरे म्हणाले. "त्यात रडण्यासारखं काय आहे? भात वाढ."

तिने पहिल्यापासून सुरुवात केली. आता जागा चिठ्ठ्या ठरवणार होत्या. डब्यात हात घालायचा, चिठ्ठीवरच्या आकड्याइतकं दोरीने काठाकाठाने मोजत जायचं आणि तिथून तीन चौकटी ठेवायच्या: पाण्यापासून दोन पावलांवर, दहा पावलांवर आणि तीस पावलांवर. मग तिथे काटे असोत की चिखल. जळवांनी पाय रक्ताळले. एकदा चौकट कोरड्या कातळावर आली. सासरे म्हणाले, "जरा सरकव की, कोण बघतंय?" तिने ऐकलं नाही. वहीत 'काही नाही' असं लिहायला लावलं आणि पुढे झाली.

चाळीस-पन्नास चौकटी झाल्यावर तिला दिसू लागलं, की तीस पावलांवरचं रान वेगळं आणि पाण्याजवळचं वेगळं. जिथे तुषार उडतात तिथे एक टोळी, जिथे पुराचा गाळ बसतो तिथे दुसरी. दुपारी ती संग्रहातल्या कागदांशी रोपं ताडून पाही, अडलं की सरांना विचारी. शेवटी नव्वद चौकटींत एकशे त्रेचाळीस जाती भरल्या. त्यातली मोठ्या झाडांची पिल्लं जेमतेम अडतीस. बाकी सगळी खालीच जन्मून खालीच संपणारी. आणि बावन्न जाती अशा, की ज्या पाण्यापासून दहा पावलांच्या पलीकडे एकदाही दिसल्या नाहीत. रस्ता नेमका त्या दहा पावलांतूनच जाणार होता.

बैठकीत सरांनी आकडे वाचून दाखवले. रस्त्याचे इंजिनिअर समजूतदारपणे हसले. "गवत काय, पुन्हा उगवतं."

"उगवतं ना साहेब. पण कोणतं?" घोरपड उठली आणि तिने वाळवलेल्या रोपांचे तीस कागद टेबलभर मांडले. "यातली सारखी दोन दाखवा."

इंजिनिअरांनी बराच वेळ पाहून दोन नेचे निवडले. तिने भिंग पुढे केलं. एकाच्या पानामागे बीजाणूंचे ठिपके कडेकडेने होते, दुसऱ्याच्या मधल्या शिरेलगत. साहेब वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

"ही दोन्ही पाण्याजवळची?"

"पहिला दहा पावलांच्या आतला. दुसरा दोन पावलांवर आहे, पुढे नाहीच."

रस्ता चाळीस पावलं वर सरकवायचं ठरलं. पण सगळं वाचलं नाही. ओढ्याच्या खालच्या टप्प्यात ठेकेदाराने पंधरा दिवस आधीच सफाई उरकली होती. ती सासऱ्यांना घेऊन तिथे गेली. झाडं सगळी जागेवर होती. खाली मात्र अंगण झाडल्यासारखी उघडी माती, तिच्यावर थेट ऊन, आणि पाणी गढूळ. ती दगडावर बसून राहिली. रडू आलं ते तिने येऊ दिलं. सासरे तोंड फिरवून उभे राहिले.

मग तिने नाक पुसलं. "बाबा, वही काढा. इथलं आधीचं आपल्याकडे आहे."

त्या टप्प्यात आधी एकसष्ट जाती होत्या. त्या दिवशी चार मिळाल्या. वर्षाने सतरा, बहुतेक रस्त्याकडेचं उनाड गवत. तिसऱ्या वर्षी एकोणतीस, आणि त्यांत जुन्यांपैकी अकरा परतलेल्या. सरांनी हे सगळं छापलं आणि आपल्या नावाशेजारी तिचं नाव घातलं. हुद्दा काय लिहू म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "शिलाई. खोटं कशाला?"

गेल्या महिन्यात त्याच इंजिनिअरांचा फोन आला. दुसऱ्या एका नाल्यावर पूल व्हायचा होता. "बाई, आराखडा काढायच्या आधी खाली काय काय आहे ते बघून द्याल का? या रविवारी?"

"या रविवारी नाही जमणार," ती म्हणाली. "सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. पुढच्या रविवारी येते. तोवर तिथे कुणाला कोयता लावू देऊ नका."