पिवळ्या दिव्याचं जांभळं उत्तर

भौतिकशास्त्रावर लिहायचं ते ज्यांनी काहीतरी शोधलं त्यांनी, किंवा निदान ज्यांना ते नीट कळलं त्यांनी. मी यातला कोणीच नाही. मी एक साधी तरंगलांबी चुकीची मोजली, एवढंच माझ्या नावावर आहे. तरीही लिहायला बसलो, याबद्दल वाचणाऱ्यांनी मला सांभाळून घ्यावं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे हे कसं लिहितात हे विचारायलाही कोणी नाही.

आमचं घर तोंडवलीला, समुद्राच्या बाजूला. बाबा मासेमारी करतात. मी बारावीनंतर फिजिक्स घेतलं तेव्हा घरी कोणी विरोध केला नाही, कारण ते काय असतं हेच कोणाला माहीत नव्हतं. विचारायचा तो फक्त मामा. मामा जहाजावर कामाला. सुट्टीवर आला की आमच्या ओटीवर बसून तो चहाच्या कपात बिस्किट बुडवत माझी चौकशी करायचा.

"काय रे भाच्या, ह्या फिजिक्स शिकान माणूस नेमको काय होता?"

"पुढे शिकाक गावता, मामा."

"मगे? शिकान झाल्यावर?"

"शिकवूचा, नायतर संशोधन."

"म्हणजे मास्तर होता, नायतर येडो होता," मामा बाबांकडे बघून म्हणायचा, आणि बाबा हसायचे. मीही हसायचो. पण तिसऱ्या वर्षाला हसण्यावारी नेण्याचे दिवस संपले. मामाने त्याच्या कंपनीत शब्द टाकून ठेवला होता. जूनमध्ये तो मुंबईला परत जाणार, तेव्हा मला बरोबर नेऊन जहाजाच्या कोर्सला घालणार, असं ठरत आलं होतं. मला एम.एस्सी. करायचं होतं. बाबांनी एकदाच काय ते सांगितलं, "ह्या वर्षी सगळ्यात पास झालंस तर तुझ्या मनासारखा कर. एकात जरी उडालंस तर मामाबरोबर जा. वरीस फुकट घालवूचा नाय." हे अन्यायाचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही.

लेखी पेपर बरे गेले. भीती प्रॅक्टिकलची होती. त्यात वेगळं पास व्हावं लागतं, आणि परीक्षक बाहेरच्या कॉलेजातून येतात.

त्या सकाळी आईने मला पाटावर बसवलं आणि माझ्या डोक्यावर वाटीभर खोबरेल ओतलं.

"आये, पुरे गो. कपाळावर येता."

"हलू नको. परीक्षेक डोक्या थंड व्हया."

"आज पेपर नाय. प्रॅक्टिकल आसा."

"मगे ता काय पायान करतत?"

तेल चापून, भांग पाडून मी एसटी पकडली.

माझ्या वाट्याला न्यूटनची वलयं आली. सपाट काचेवर किंचित फुगीर भिंग ठेवायचं, वरून सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. भिंग आणि काच यांच्यामध्ये जी हवेची बारीक फट राहते, तिच्यामुळे काळी-पिवळी गोल वलयं दिसतात. स्क्रू फिरवत सूक्ष्मदर्शक एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकवायचा, वलयांचा व्यास मोजायचा आणि त्यावरून उजेडाची तरंगलांबी, म्हणजे ज्यावरून त्याचा रंग ठरतो तो आकडा, काढायची. उत्तर सगळ्यांना आधीच पाठ असतं, पाच हजार आठशे त्र्याण्णव आंगस्ट्रॉम. मला हा प्रयोग आवडायचा. तो निघाला म्हणून मी मनातून सुखावलोही होतो.

अंधारी खोली, खिडक्यांना काळे पडदे, पंखा बंद. एप्रिलचा उकाडा. आमच्या प्रयोगशाळेत खाऱ्या वाऱ्याने काहीच धड राहत नाही. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू अर्ध्यावर येऊन अडकला. जोर लावला की धक्का बसून वलयं जागची हलायची. मी घाबरलो, आणि घाबरल्यावर हाताने जे केलं ते डोक्याला विचारून केलं नाही. बाबा जाळं शिवताना सुई अडली की ती केसांतून फिरवतात. तेलाने सुई सरसर जाते. आमच्याकडे सगळेच तसं करतात. मी दोन बोटं केसांतून फिरवली आणि स्क्रूच्या आट्यांना चोळली. स्क्रू लोण्यासारखा फिरू लागला. मग धक्क्याने सरकलेलं भिंग उचललं, खालून बोटाने पुसून पुन्हा काचेवर बसवलं.

वलयं परत दिसली, पण फिकट. मला वाटलं दिवा जुना आहे, किंवा माझे डोळे घामाने चुरचुरताहेत. डोळा लावून लावून मी सगळी मापं घेतली, आलेख काढला, गणित केलं. उत्तर आलं चार हजार सत्तर.

गणित पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेजारच्या टेबलावर मिठबावचा माझा मित्र होता. पहिल्या वर्षापासून आम्ही एकाच बाकावर. त्याने मान वाकडी करून माझा कागद बघितला.

"मेल्या, ह्या काय?" तो कुजबुजला. "रीडिंगां बदल. अठ्ठावन्न त्र्याण्णव काढ नि मोकळो हो."

वर्षभर बरेच जण तेच करायचे. उत्तर आधी लिहायचं आणि मापं मागून बसवायची. मी का केलं नाही, ते मला नीट सांगता येत नाही. प्रामाणिकपणा म्हणावा तर तो मोठा शब्द आहे. मी ती मापं खरोखर घेतली होती, आणि ती कुठे चुकली हे कळल्याशिवाय हात खोडायला उचलत नव्हता. तेवढ्यात माझा नंबर पुकारला.

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आमचे सर शेजारी उभे होते.

"हा दिवा कुठल्या रंगाचा आहे?"

"पिवळा, मॅडम."

"आणि तुझ्या उत्तराप्रमाणे?"

"जांभळा."

मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"मग खोटं कोण बोलतंय? दिवा की तू?"

"कोणीच नाही मॅडम. मी मापं बरोबर घेतलीत." आवाज इतका बारीक आला की त्यांनी पुन्हा बोलायला लावलं.

त्या उठल्या, माझ्या टेबलापाशी आल्या, डोळा लावून पाहिलं. "इतकी फिकट कशी?" त्यांनी स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं. मग मला म्हणाल्या, "भिंग उचल."

मी उचललं. दिव्याच्या उजेडात काचेच्या मध्यावर एक चकाकणारा डाग होता. भिंगाला बोट लावलं आणि नाकाशी नेलं.

"खोबरेल, मॅडम."

"खोबरेल? इथे कुठून आलं?"

मी तोंडाने काही बोलायच्या आधीच माझा हात केसांकडे गेला. आता सगळी खोली हसली. सरांनी मान खाली घातली. मी स्क्रूचं सांगितलं, बाबांच्या सुईचंही सांगून टाकलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

"बरं. फटीत हवेऐवजी तेल असेल तर सूत्रात काय बदलतं?"

"तेलाचा अपवर्तनांक येतो. वलयं लहान होतात."

"खोबरेलाचा किती?"

"पाठ नाही." मग धीर करून म्हणालो, "पण खऱ्या उत्तराला माझ्या उत्तराने भागलं तर निघेल."

"काढ."

त्यांच्यासमोर उभ्यानेच भागाकार केला. पेन घामाने निसटत होतं. एक पूर्णांक पंचेचाळीसच्या आसपास आलं. खोबरेलाचा अपवर्तनांक खरंच तेवढा असतो, हे मला नंतर पुस्तकात सापडलं. मॅडमनी आकडा पाहिला, कागद उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "प्रयोग हवेत करायला सांगितला होता. तेलात नाही. जा."

घरी बाबांनी विचारलं, "कसा झाला?"

"माहीत नाय."

"तुका माहीत नाय तर कोणाक माहीत?"

"त्या बाईंक," मी म्हणालो.

मे महिना गेला. होड्या वर काढून माडाच्या विणलेल्या झापांनी झाकल्या. बाबा पडवीत जाळी घेऊन बसले. निकाल आज येणार, उद्या येणार, असं नुसतं चाललं होतं. मी रोज त्या "जा"चा अर्थ लावायचो. कधी तो पास झाल्यासारखा वाटायचा, बहुतेक वेळा नाही. मामाने शुक्रवारच्या गाडीची दोन तिकिटं काढली.

"रिझल्ट येवंदे," बाबा म्हणाले.

"रिझल्टाची वाट बघीत जहाज थांबणा नाय, भावोजी."

आईने माळ्यावरची बॅग खाली काढली आणि पुसून उन्हात ठेवली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

गुरुवारी दुपारी मित्राचा फोन आला. आमच्याकडे रेंज फक्त अंगणाच्या टोकाला. मी धावलो.

"साईट उघडली. पयलो तुझोच नंबर घातलंय."

"सांग मरे."

"थियरी सगळी सुटली."

"नि प्रॅक्टिकल?"

फोन कट झाला. मी लावत राहिलो, लागेना. पडवीत बाबांचे हात थांबले होते. मामा ओटीवरून उठून पायरीवर आला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. शेवटी फोन वाजला. मी तो स्पीकरवर टाकला, सगळ्यांना एकदमच कळलेलं बरं म्हणून.

"ऐकतस मां?" मित्र ओरडला. "प्रॅक्टिकल पास! काठार आसस, पण पास."