सिग्नीची अर्धी नोकरी

विद्यापीठाच्या विमा खात्याचं पत्र आलं तेव्हा सिग्नी हॉवलंड तळघरातल्या आमच्या खोलीत मुलांचे निबंध तपासत बसली होती. तिनं पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"तू वाच. मला यातलं एकेक वाक्य कळतंय, पण पत्र कळत नाहीये."

पत्र लहानसंच होतं. तिची नेमणूक आता अर्ध्या वेळेची राहिलेली नसून पाव वेळेची झाली आहे, पाव वेळेच्या कर्मचाऱ्याला आरोग्यविमा मिळत नाही, त्यामुळे तिचा विमा तीस सप्टेंबरला संपेल. खाली तिच्या उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा होत्या.

"पण मी नोकरी सोडलेली नाही," सिग्नी म्हणाली. "कोणी काढलंही नाहीये. मग पाव कशी झाले मी?"

तीस तारखेला दोन आठवडे होते. दोन ऑक्टोबरला, बुधवारी सकाळी आठ वाजता, तिला इस्पितळात शिरेतून औषध घ्यायचं होतं. एकोणिसाव्या वर्षापासून तिला क्रोन्स आहे, आतडी सुजण्याचा आजार. दर आठ आठवड्यांनी तीन तास खुर्चीत बसून ते औषध अंगात घ्यायचं, की पुढचे आठ आठवडे ती बहुतेक तुमच्या-माझ्यासारखी. मध्ये एकदा, विद्यापीठात येण्यापूर्वी, ती रंगांच्या दुकानात कामाला होती तेव्हा तिचा विमा तुटला आणि दोन खेपा चुकल्या. त्या वेळी वीतभर आतडं काढून टाकावं लागलं. विम्याशिवाय ते औषध घ्यायचं तर एका खेपेलाच आमचा कित्येक महिन्यांचा पगार जाईल.

विभागात हे फक्त मला ठाऊक होतं. तेही आमच्या खोलीत एकच छोटा फ्रिज आहे आणि त्यात तिचा उकडलेला भात आणि उकडलेली अंडीच असतात म्हणून.

सिग्नी उत्तर मिनेसोटाची. आईवडिलांच्या गायी आहेत. उंच आहे, पण खांदे असे आवळून चालते की कोणाच्या वाटेत येऊ नये. कोणाकडे काही मागायचं झालं तर आधी तीन वेळा माफी मागते. एकदा झुलत्या दाराचा धक्का लागला तर दारालाच 'सॉरी' म्हणाली. पाचव्या वर्षात आहे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शेतकरी बायकांच्या रोजनिशांवर प्रबंध लिहिते, आणि आम्हा सगळ्यांसारखीच पहिल्या वर्षाच्या मुलांना लिहायला शिकवते. प्रत्येकी दोन तुकड्या. दोन तुकड्या म्हणजे अर्धी नोकरी, आणि अर्धी नोकरी म्हणजे फी माफ, पगार आणि विमा.

आता तिची एक तुकडी आमच्याच विभागातल्या टोमासकडे गेली होती, ती मात्र सिग्नीनंच दिली होती.

आमच्यात हे नेहमीचं आहे. कोणाची परीक्षा असते, कोणाला मूल होतं, कोणाचं लग्न मोडतं. मग या सत्रात तू माझी एक तुकडी घे, पुढच्या सत्रात मी तुझी घेते, आणि पगाराचं आपापसात बघू. कोणी कोणाला विचारत नाही. ऑगस्टच्या शेवटी सिग्नीला जिने चढवेनात, तेव्हा ती टोमास ब्रियोनेसला एवढंच म्हणाली, "मला प्रबंधाला थोडा वेळ हवाय. गुरुवारची तुकडी घेशील?"

"घेतो की," टोमास म्हणाला होता. "पण वसंतात तू माझी सकाळी आठची घ्यायची. आठ वाजता मी माणूस नसतो."

वर्गाबाहेरच्या पाटीवर नाव बदलावं म्हणून सिग्नीनं कार्यालयातल्या बाईंना दोन ओळींची मेल केली. बाईंनी त्यांच्या नियमाप्रमाणे पाटी बदलली, यादी बदलली, आणि यादीवरून नेमणूकही बदलली. सिग्नी पाव झाली आणि टोमास पाऊण.

"मी तिची पाव नोकरी खाल्ली?" टोमासला सांगितलं तेव्हा तो म्हणाला. "परत घे. आत्ता घे. मुलांना मी सांगतो."

पण तसं परत घेता येत नव्हतं. सत्राचा दहावा दिवस उलटला की तुकड्या गोठतात, असं कार्यालयानं सांगितलं. पुढचे चार दिवस सिग्नी विद्यापीठाच्या टेकडीवरून खाली आणि खालून वर करत राहिली, आणि मी वर्ग नसेल तेव्हा तिच्याबरोबर. कर्मचारी विभागात म्हणाले, "तुम्ही विद्यार्थी आहात, पदव्युत्तर विभागाला विचारा." पदव्युत्तर विभागात म्हणाले, "विमा नोकरीचा आहे ना, मग कर्मचारी विभाग." विद्यार्थ्यांचा वेगळा विमा असतो, तिथे खिडकीतला मुलगा फार गोड होता. त्यानं सांगितलं की त्याची मुदत एक सप्टेंबरला संपली.

"पण एक सप्टेंबरला मी कर्मचारी होते," सिग्नी म्हणाली. "तेव्हा मला हा विमा घेताच आला नसता."

"बरोबर," तो म्हणाला.

"आणि आता घेता येत नाही, कारण मुदत संपली."

"बरोबर."

"मग माझ्यासारखीनं काय करायचं?"

त्यानं खरोखर विचार केला. "तुमच्यासारखं कोणी अजून आलं नाहीये," तो म्हणाला.

बाहेर ओकची फळं टपाटप पडत होती. सिग्नी पायरीवर बसली. "मला ना, राग यायला हवा," ती म्हणाली. "पण प्रत्येक जण इतकं नीट बोलतोय. कोणावर येऊ दे राग?"

आम्हा शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांची युनियन आहे, पण तिच्याकडे जायचं सिग्नीच्या मनातही नव्हतं. तिच्या मते युनियन म्हणजे जे खरंच काम करतात त्यांची. तिचे मामा लोखंडाच्या खाणीत होते, त्यांची. वर्गणी ती भरत होती, तीसुद्धा पहिल्या वर्षी कोणीतरी कागद पुढे केला आणि नाही म्हणायला जमलं नाही म्हणून. शेवटी मीच बर्निस पेटिटला बोलावलं. बर्निस रसायनशास्त्रात आहे, आठवं वर्ष, युनियनमधली आमची प्रतिनिधी. हातांवर आम्लाचे डाग आणि बोलणंही तसंच.

तिनं आमच्या खोलीत येऊन युनियनचा विद्यापीठाशी झालेला करारनामा उघडून टेबलावर ठेवला; टोमासही येऊन बसला होता. पानं कॉफीनं तपकिरी झालेली.

"ऑगस्टमध्ये तुकडी का दिलीस?"

"प्रबंधाला वेळ…"

"मला नको सांगूस ते. का दिलीस?"

सिग्नीनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बरं नव्हतं."

"मग ही रजा होती, बाई!" बर्निसनं पानावर बोट आपटलं. "आजारपणाची रजा. पगारी. बदली शिकवणारा विभागानं शोधायचा आणि त्याचे पैसे विभागानं द्यायचे. नेमणूक अर्धीच राहते, विमाही राहतो. सहा वर्षांपूर्वी बर्फात संपावर उभं राहून मिळवलंय आम्ही हे. आणि तू तुझ्या हक्काची रजा मित्राकडून उसनी घेतलीस."

"मला वाटलं रजा प्राध्यापकांना असते."

"सगळ्यांना तेच वाटतं. निबंध तपासताना मुलांना विचारतेस ना, मूळ मजकूर वाचला का म्हणून? तू वाचलास कधी हा?"

टोमासला हसू फुटलं. सिग्नीलाही थोडं.

उपाय सोपा होता. अदलाबदल झाली त्या तारखेपासून आजारपणाची रजा लावून घ्यायची. डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आजाराचं नाव नको. आणि लेखनवर्गांच्या प्रमुखाची सही हवी, शुक्रवारच्या आत. प्रमुख म्हणजे वॉरेन लीबोल्ड. सिग्नीच्या प्रबंधाचे मार्गदर्शकही तेच.

तिथे सिग्नी अडली.

आमच्याकडे प्राध्यापकांना नावानं हाक मारतात. वॉरेन स्वतः भोपळ्याचं सूप करतात, पानगळीत आम्हा सगळ्यांना घरी बोलावतात, आमच्या थाळ्या स्वतः धुतात. सहाव्या वर्षाची नेमणूक कोणाला द्यायची हेही तेच ठरवतात. दोन वर्षांपूर्वी एका मुलीबद्दल ते सहज म्हणाले होते, "हुशार आहे, पण तिच्या तब्येतीचं काही खरं नाही." त्या वसंतात तिला नेमणूक मिळाली नाही. त्या वर्षी पैसे कमी होते, तिचं एक प्रकरणही राहिलं होतं. कारण कुठलं, हे कोणालाच सांगता आलं नसतं.

"त्यांनी त्यामुळेच केलं असंही नाही," सिग्नी मला म्हणाली. "तसं नक्की असतं तर बरं होतं. मी त्यांना टाळलं असतं. पण ते चांगले आहेत गं. माझ्या पहिल्या लेखावर त्यांनी चार पानं लिहून दिली होती. चांगल्या माणसाला घाबरायचं म्हणजे कसं घाबरायचं?"

दोन दिवस तिनं काहीच केलं नाही. बर्निसचे निरोप येत राहिले: 'सही?' मग 'सही??' गुरुवारी सकाळी सिग्नी भाताचा डबा न उघडताच उठली आणि म्हणाली, "चल. पण तू बोलू नकोस. बर्निसलाही सांग, जास्त बोलू नकोस म्हणावं."

बर्निसला ते जमण्यासारखं नव्हतं, पण तिनं प्रयत्न केला. वॉरेननी आम्हाला बसायला लावलं, खिडकी उघडली, चहा विचारला. बर्निसनं कागद पुढे ठेवला. "सिग्नीची वैद्यकीय रजा. एकोणतीस ऑगस्टपासून. आजाराचं नाव विचारायचा अधिकार तुम्हाला नाही."

"मी विचारतही नाहीये," वॉरेन गोंधळून म्हणाले. मग चष्मा काढला. "सिग्नी, अगं, मला सांगायचंस ना. गेल्या वर्षी सूप प्यायला आली होतीस तेव्हा शेजारी तर बसलो होतो आपण."

"सूप करारात नाहीये," बर्निस म्हणाली.

"बर्निस," सिग्नी म्हणाली.

"मला वाटायचं," वॉरेन म्हणाले, "आपल्याकडे कागदांची गरज पडत नाही. आपण तुकड्या वाटून घेतो, एकमेकांना सांभाळून घेतो…"

"त्या सांभाळण्यातच माझा विमा गेला," सिग्नी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तिचे आवळलेले खांदे खाली आले होते. आणि मग, बर्निस डोळ्यांनी नको-नको म्हणत असताना, तिनं सगळं सांगून टाकलं. आजाराचं नाव, खुर्चीतले तीन तास, वीतभर आतडं, दोन ऑक्टोबर. दोन वर्षांपूर्वीची ती मुलगीसुद्धा. "तुम्ही तिच्या तब्येतीबद्दल बोलला होतात. त्यामुळे मी घाबरले. मला कळत नाही वॉरेन, तुम्ही माझे शिक्षक आहात की साहेब. शिक्षकाला मी केव्हाच सांगितलं असतं."

वॉरेननी चष्मा पुन्हा लावला.

"तिच्याबद्दल मी असं म्हणालो होतो?"

"हो."

"मला आठवत नाही," ते म्हणाले, आणि ते खरं वाटलं. त्यामुळे सगळं आणखीच अवघड झालं. त्यांनी सही केली. तारीख चुकली, बर्निसनं ती खोडून घेतली, पुन्हा सही घेतली. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा सिग्नीच्या खांद्यावर ठेवण्यासाठी हात उचलला आणि तसाच मागे घेतला.

जिन्यात बर्निस म्हणाली, "जिंकलो आपण. तोंडं काय पाडताय?"

"सहाव्या वर्षाचं काय होईल?" सिग्नीनं विचारलं.

"आजारपणावरून नेमणूक नाकारता येत नाही, ते करारात आहे."

"आणि शिफारसपत्र?"

बर्निसनं करारनामा पिशवीत टाकला. "ते नाही," ती म्हणाली.

सोमवारी कर्मचारी विभागातून फोन आला: नेमणूक अर्धी, विमा चालू. मंगळवारी इस्पितळातून फोन आला: पडद्यावर विमा बंद दिसतोय. सिग्नीनं दोघांनाही धन्यवाद दिले. बुधवारी आठला आम्ही तरीही गेलो. नाव नोंदवणाऱ्या बाईंनी तीन ठिकाणी फोन लावले. सिग्नी कोट न काढता बसली होती, निघायला सांगतील म्हणून. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बाई म्हणाल्या, "अरे, आलं की! या, हनी. कुठला हात?"

सुई उजव्या हाताला बसली, डाव्या हाताची शीर सापडेना. पिशवी टांगली, नळीतून थेंब सुरू झाले. सिग्नीनं डोळे मिटले, आणि दोन आठवड्यांत प्रथमच मला तिचा चेहरा विचार न करणारा दिसला.

मग तिचा फोन वाजला. "बघ ना कोण आहे," ती म्हणाली.

गुरुवारच्या तुकडीतल्या एका मुलीची मेल होती. यादीवर आता पुन्हा सिग्नीचं नाव दिसतंय, वर्गावर मात्र टोमास येतात. निबंध कोणाला द्यायचा? आमच्या शिक्षिका तुम्ही, की ते?

"काय लिहू?"

सिग्नी नळीकडे बघत राहिली. "टोमास, असं लिही," ती म्हणाली. "नाही, थांब. यादीवर मी आहे ना? पण रजेवर आहे. मग यादीवर का आहे मी?"

"बर्निसला विचारू?"

"नको. ओरडेल." तिनं पुन्हा डोळे मिटले. "टोमासच लिही. आणि तिला विचार, निबंध कशावर लिहिलाय."

"सिग्नी, तू रजेवर आहेस."

"हो गं," ती म्हणाली. "विचार तरी."