याडी आणि येडी

आम्हा बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. तांड्यावरची शाळा संपवून मी आर्णीला पाचवीत गेले, तेव्हा वर्गातल्या मुलींना वाटलं, ही आपल्या आईला येडी म्हणते. काना आणि मात्रा एवढाच फरक, पण त्यावरून मला वर्षभर चिडवलं. मी दोघींच्या वेण्या ओढल्या, बाईंची बोलणी खाल्ली आणि शेवटी चारचौघांत नुसतं ‘आई’ म्हणायला लागले. घरी मात्र ती याडीच.

वाईट हे, की मी अकरावीत जाईपर्यंत घरचेच लोक तिला येडी म्हणायला लागले होते. याडी विसरायला लागली होती. चहात साखरेऐवजी मीठ घालायची. दुकानात गेली की आपण काय घ्यायला आलो ते दुकानदारालाच विचारायची. मला हाक मारताना आधी भावाचं नाव, मग शेळीचं, मग माझं. बापू, म्हणजे माझे वडील, हसून म्हणायचे, येडीच आहे ही. तांड्यावर बातमी पसरायला वारा लागत नाही. लोक हसत होते तोवर मी भांडून घेतलं. पण एकदा चुलीपाशी तीच म्हणाली, की आपलं डोकं खरंच सरकत चाललंय बहुतेक. ती हसत नव्हती. मला धडकी भरली.

म्हणून मी मानसशास्त्र घेतलं. तांड्यावर या विषयाचं नाव ‘येड्यायचा सब्जेक्ट’. काका म्हणाला, घरीच शिकायची सोय असताना कॉलेजात कशाला जाते. त्या काकाशी मी दिवाळीपर्यंत बोलले नाही.

शिकवायला एक मॅडम होत्या, रोज यवतमाळहून एसटीने यायच्या. त्यांनी पहिलं प्रकरण संपवायच्या आत मी पुस्तकातली मागची सगळी प्रकरणं वाचून काढली आणि घरादाराला आजार वाटून मोकळी झाले. काकाला दोन दिले. याडीला मात्र काही बसेना. शेवटी मॅडमना विचारलं. त्यांनी आधी मला चांगलं झापलं, की पुस्तक वाचून माणसांना आजार चिकटवायचे नसतात. मग जवळ बसवलं आणि म्हणाल्या, “आई काय विसरते ते तू सांगितलंस. काय विसरत नाही, ते सांग.”

मला सांगता येईना. घरात कुणी ते बघितलंच नव्हतं, मीही नाही. मॅडम म्हणाल्या, आता बघ, आणि डॉक्टरांकडे न्यायचं झालं तर मी सोबत येईन. त्या दिवशी मी कॉलेजातून घरी गेले ती अर्धं ओझं उतरवूनच. पुढच्या आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं भेटली, पण मॅडम, तुमच्या त्या एका प्रश्नाचं ऋण माझ्याच्याने फिटायचं नाही.

बारावीला प्रात्यक्षिक असतं. दोन याद्या असतात, एक अर्थ असलेल्या शब्दांची आणि एक निरर्थक पदांची. टोघ, मिढ, लुझ, खेफ असली ती पदं. समोर बसलेल्या माणसाला एकेक यादी ऐकवायची आणि त्याच्या किती लक्षात राहतं ते लिहायचं. त्या माणसाला प्रयुक्त म्हणतात, आम्ही मुली बकरा म्हणायचो. पुस्तक सांगतं, अर्थ असलेलं जास्त आठवतं. माझी जीभ त्या पदांवर अडखळायची, म्हणून मी महिनाभर रोज सकाळी न्हाणीपाशी उभी राहून मोठ्यानं घोकत होते.

परीक्षेला आपला प्रयुक्त आपण न्यायचा होता. माझी चुलतबहीण येणार होती, ती नेमकी तापाने पडली. हरभऱ्याचे दिवस, सगळा तांडा शेतात. याडीला विचारायची मला हिंमत नव्हती, कारण ती या असल्या तपासणीलाच घाबरून होती. तीच म्हणाली, चल, मी येते. बापू म्हणाले, ही येडी तिथं काय सांगणार?  याडी धुतलेलं लुगडं नेसली आणि माझ्या आधी रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

बाहेरगावचे परीक्षक सर माझ्या मागेच उभे होते. अर्थाची यादी ऐकून याडीने थोडे शब्द सांगितले आणि अडकली.  मग मी दुसरी यादी सुरू केली. टोघ. मिढ. लुझ. चौथं पद वाचायला तोंड उघडलं, तर याडी म्हणाली, “खेफ.”

आणि ती थांबलीच नाही. डोळे मिटून सगळी यादी शेवटपर्यंत म्हणून टाकली, तीही ओळीने. सरांनी विचारलं, हे तुम्हाला आधीच कसं ठाऊक?

“पोरगी रोज म्हणते न सायेब. मी भाकरी थापून राह्यते, ते कानावर पडते,” ती म्हणाली. मग हळूच विचारलं, “काही चुकलं काय?”

चुकलं तर सगळंच होतं. प्रयुक्ताला यादी आधी माहीत नसावी, हा पहिला नियम. सर मला म्हणाले, प्रयोग तर गेला, आता निष्कर्ष काय लिहिणार? मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि अचानक मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर समोर दिसलं. मी म्हटलं, सर, ज्या शब्दांना काही अर्थ नाही ते या बाईने भाकरी थापता थापता पाठ केले, ते माझ्या तोंडून येत होते म्हणून. हिचं स्मरण बिघडलेलं नाही.  सर म्हणाले, असंच लिहा, आणि प्रयोग कशाने बिघडला तेही लिहा. देव त्यांचं भलं करो.

पुढे मॅडम खरंच यवतमाळच्या डॉक्टरांकडे सोबत आल्या. याडीच्या अंगात रक्त कमी निघालं, झोप तर नव्हतीच. गोळ्यांनी बराच फरक पडला. पण ते नंतरचं.

त्या दिवशी आम्ही ऑटोने परतलो. आमच्या फाट्याजवळ आलो तेव्हा याडीने विचारलं, त्या कागदावर काय लिहिलंस, येडी म्हणून?

मी म्हटलं, नाही याडी. हिची आठवण चांगली आहे, असं लिहिलं. सरांनी सही केली.

तिने पदर सारखा केला. म्हणाली, “मग घरी गेल्यावर तुह्या बापाले तूच सांग. मी सांगतलं तर म्हणन, येडी काहीबी सांगते.”

अंगणात बापू चार माणसांत बसले होते. मी चपला काढायच्या आधी सांगितलं.