पट्टा लावलेलं फडकं

अनसिंगहून निघालो त्या सकाळी घराला कुलूप लागेना. कडीच बसत नव्हती. चाळीस वर्षांत त्या दाराला बाहेरून कुलूप लावायची वेळच आली नव्हती. मी वावरात गेलो तर पंचफुला घरी, ती वावरात गेली तर माझी माय घरी. शेवटी शेजारच्या देविदासने खांद्याने दार रेटलं, मी कुलूप अडकवलं आणि चावी त्याच्याच हातात दिली. तो म्हणाला, "दोन मयन्यात वापस येशीन बुढ्या. तिकडे तुयं मन लागत नाई." मी म्हणालो, "तू घराकडे ध्यान दे. माया मनाची पंचाईत करू नको."

पंचफुला म्हणजे माझी बायको. मागल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि पाच दिवसांत गेली. आमची एकुलती एक लेक प्रज्ञा पुण्याजवळ चाकणला कंपनीत सुपरवायजर आहे. तिचा नवरा विनोद मला न्यायला आला होता. त्याच्या हातात चाकाची बॅग आणि माझ्या डोक्यावर गाठोडं. "मामाजी, बॅगेत टाका ना सगळं," तो म्हणाला. मी दिलं नाही. गाठोड्यात माझी दोन धोतरं आणि पंचफुलाचं एक लुगडं होतं, आणि लुगड्याच्या घडीत एक दुपटं. नातवंडासाठी तिने चिंध्या जोडून शिवलेलं. प्रज्ञाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, लेकरू नव्हतं. म्हणून ते दुपटं मला कोणाला दाखवायचं नव्हतं आणि मागे टाकायचंही नव्हतं. बांधायला एक जुनं फडकं हाताला लागलं, तेच घेतलं. ते कोणतं फडकं, हे मी पाहिलंसुद्धा नाही.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं लेकरांच्या मागे गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्ही फोनवर मला दोनच गोष्टी विचारता. वापस कधी येता, आणि प्रज्ञाने असं काहून केलं? फोनवर मला नीट सांगता येत नाही. बोलता बोलता मी फोन तोंडापासून दूर धरतो आणि मग तुम्ही रेंज गेली समजून हॅलो हॅलो करता. म्हणून लिहितो. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घ्या.

आम्ही आठव्या मजल्यावर राहतो. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे पाहत नाहीत, वरच्या आकड्यांकडे पाहतात. मी पहिल्या आठवड्यात एकाला विचारलं, "कुठले तुमी?" तर प्रज्ञाने कोपर मारलं. आपल्या अनसिंगच्या स्टँडवर तेवढ्या वेळात माणसाचं गाव, जमीन आणि सोयरीक सगळं निघतं. पण लेक भाकर माझ्यासाठी ज्वारीचीच करायची, जावई रोज कंपनीतून आला की "मामाजी, जेवले का?" विचारायचा. मी सुखात होतो, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या महिन्यात एका रविवारी सकाळी प्रज्ञा बाथरूमच्या दाराशी फरशीवर बसलेली दिसली. गुडघे पोटाशी, ओठ पांढरे, घामाने केस चिकटलेले. मी आधी विंचू शोधला. आठव्या मजल्यावर! झाडू घेऊन कोपरे पाहून राहिलो होतो. ती तशातही हसली. म्हणाली, "बाबा, विंचू नाई. हे मायं दर मयन्याचं हाये."

दर महिन्याचं. बारा-तेरा दिवस. लग्नाच्या आधीपासून. आणि मला, बापाला, आता कळत होतं.

विनोदने मला दवाखान्यात सोबत नेलं. डॉक्टरीणबाई चांगली होती, कागदावर चित्र काढून समजावलं. बाईच्या गर्भपिशवीत आतून एक अस्तर असतं. प्रज्ञाच्या पोटात तसलंच अस्तर पिशवीच्या बाहेर, आतड्याला आणि अंडाशयाला जागोजागी चिकटून वाढलं होतं. महिन्याला तेही सुजतं, रक्त सोडतं, आणि त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नाही. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. मी तीनदा म्हणून पाहिलं, चौथ्यांदा सोडून दिलं. गोळ्या झाल्या होत्या, इंजेक्शनं झाली होती, दुर्बिणीचं ऑपरेशन एकदा झालं होतं. टेस्ट ट्यूबचे दोन प्रयत्न फसले होते. आता पिशवीच काढायची का, एवढा प्रश्न उरला होता.

"त्रास पुष्कळ कमी होईल असं मला वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाली, "पण पूर्ण जाईलच अशी हमी देत नाही. अंडाशय शक्यतो ठेवू. मूल मात्र राहणार नाही. घाई नाही, विचार करा." मग कागद पुढे ओढून तिने विचारलं, "आईला असा त्रास होता का?"

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मी छाती काढून सांगितलं, "नाई. आमच्या घरात असं काई नोतं. तिची माय बैलावानी राबे."

डॉक्टरीणबाईने तसं लिहून घेतलं.

घरी आल्यावर मी सांगून टाकलं, "पिशवी काढू नको. तू बी आठ वर्सानं झालती. देर लागते, पण होते." विनोद हळूच म्हणाला, "मामाजी, मला मूल नसलं तरी चालेल. हिला असं पाहवत नाही." मी त्याला म्हणालो, "तुमी आज म्हणता. धा वर्सानं काय म्हणसान?" तिकडून तुमचे फोन सुरूच होते. कोणी सांगे अमुक देवाला जा, कोणी सांगे जावई दुसरी करेल. मी सगळ्यांना हो हो म्हणत होतो. माझ्या मनात त्या दुपट्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

पुढच्या महिन्यात तिची पाळी आली. शेकायची रबरी पिशवी तिच्या पोटावर राहीना, घसरायची. बांधायला काही मिळतं का म्हणून तिने माझं कपाट उघडलं आणि ते फडकं ओढून काढलं. ती ते उलटंपालटं करून पाहत राहिली.

"बाबा, हे तं मायचं येचणीचं फडकं हाये. पट्टेवालं."

हे इकडच्या कोणी वाचलं तर त्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्याकडे कापूस येचताना बाया कमरेला फडकं बांधतात. पुढे पोटावर त्याचा झोळ येतो आणि बोंडातला कापूस त्यात टाकत जायचं. दुपारपर्यंत तो झोळ सात-आठ किलोचा होतो आणि सगळं वजन ओटीपोटाखालून लोंबतं. सगळ्या बाया तसंच बांधतात. पंचफुलाने एका वर्षी फडक्याला खाटेच्या जुन्या नवारीचा पट्टा शिवला आणि खांद्यातून अडकवायला लागली. कापूस कडेला लोंबे, चालताना हेलकावे खाई, येचणी हळू होई. बाया तिला "पोस्टमनबाई" म्हणत. "पोस्टमनबाई, आमच्या नावचं काई आलं काय वो?" मीही हसायचो. एकदा सगळ्यांसमोर म्हणालोही, "साऱ्या बाया कंबरीले बांधते, तुयंच पोट काय काचेचं हाये काय?" तरी पट्टा काही तिने काढला नाही.

"मायनं याले पट्टा काहून लावला होता?" प्रज्ञाने विचारलं.

मी हसत हसत पोस्टमनबाईची गोष्ट सांगायला लागलो. काचेच्या पोटापर्यंत आलो आणि तिच्याकडे पाहिलं. प्रज्ञा समोरच बसली होती, दोन्ही हातांनी पोट धरून. तशीच तिची माय धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसायची. मी समजायचो, दम खाऊन राहिली आहे.

कामरगावला माझी साळी राहते, पंचफुलाची बहीण सुमन. मी तिला फोन लावला. विचारलं, "सुमनबाई, पंचफुलाले पाळीचा तरास होता काय?"

ती म्हणाली, "आता इचारून राह्यले काय, भाऊजी? थे मेल्यावर?"

आणि मग तिने सांगितलं. प्रज्ञा शाळेत होती तेव्हाची गोष्ट. दोघी बहिणी बांगड्या भरायला जातो सांगून वाशिमला डॉक्टरकडे गेल्या होत्या. डॉक्टरने पिशवी काढायला सांगितली होती. पंचफुला घरी आली आणि मला म्हणाली होती, मले काई दिवस दवाखान्यात राहा लागते म्हणते. मी म्हणालो होतो, येचणी होऊ दे, मंग पाहू. येचणी झाली, तूर आली. तूर झाली, हरभरा आला. पुढच्या वर्षी पुन्हा कापूस. ती नंतर बोलली नाही, मी विचारलं नाही. हे सुमनने सांगितलं म्हणून मला कळलं. मला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही. कोणत्या वर्षी कोणतं बियाणं पेरलं हे मी आजही सांगतो, पण हे नाही.

"तिले काढाची होती काय पिशवी?" मी विचारलं.

"मले नाई सांगता येत," सुमन म्हणाली. "बसमध्ये लय रडली. एकदा म्हणे सुटीन मी, एकदा म्हणे प्रज्ञाले भाऊ पाह्यजे. तिले काय पाह्यजे थे कोनी इचारलंच नाई, भाऊजी. म्या बी नाई."

मी फोन ठेवला आणि प्रज्ञाकडे गेलो. ती पलंगावर पडली होती, पोटावर शेकाची पिशवी, वरून मायचं फडकं बांधलेलं. मी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. येचणी होऊ दे म्हणालो तेही सांगितलं. मग विचारलं, "म्या तुले काढू नको म्हनलं, थे सोड. तुले काय पाह्यजे?"

ती म्हणाली, "बाबा, मले लेकरू पाह्यजे होतं. लय पाह्यजे होतं. थे दुपटं म्या कपाटात पाह्यलं, तसंच ठेवलं." मग म्हणाली, "पन आता मले मयन्याचे तीसई दिवस पाह्यजे. सतराच भेटते."

सतरा! त्या सतरा दिवसांत तिने शिक्षण केलं, नोकरी केली, संसार केला, मायचं मरण पाहिलं आणि मला इथं आणून सांभाळलं. मी म्हणालो, "मंग काढ. हमी नसन तरी काढ." ती म्हणाली, "तुमी म्हणता म्हणून नाई काढत." मी म्हणालो, "नकोच काढू म्या म्हणतो म्हणून." तेव्हा ती हसली, आणि हसताना दुखलं म्हणून मला शिवी दिल्यासारखं बोलली. आमच्या घरात प्रेम असंच बोलतात.

तिने अजून तीन आठवडे घेतले. दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं, विनोदशी बोलली, एकदा एकटी बसून रडली. मग ठरवलं. ऑपरेशनच्या आधी आम्ही पुन्हा त्या डॉक्टरीणबाईसमोर बसलो. मी म्हणालो, "बाई, तुमच्या कागदात एक गोष्ट चुकीची हाये. म्या सांगतली होती. तिच्या मायले तरास होता. पंचफुला नाव. लिहा." डॉक्टरीणबाईने जुनं खोडलं, नवं लिहिलं. मला वाचून दाखवलं. चाळीस वर्षांच्या संसारात पंचफुलाच्या दुखण्याची ती पहिली नोंद.

ऑपरेशन नीट झालं. पोटाला टाके होते. नर्सने सांगितलं, खोकला आला, हसू आलं तर पोटावर उशी घट्ट धरायची. दवाखान्याची उशी प्रज्ञाला टणक वाटली. ती मला म्हणाली, "बाबा, घरी जाऊन थे दुपटं घेऊन या."

मी नेलं. पंचफुलाने त्यात माझ्या फाटक्या फेट्याचा लाल तुकडा, प्रज्ञाच्या शाळेच्या फ्रॉकचा निळा, स्वतःच्या लुगड्याचे काठ, सगळं जोडलं आहे. प्रज्ञाने त्याची चौपदरी घडी केली आणि पोटाशी धरली. आज चार महिने झाले. दुखतं अजून अधूनमधून, पण फरशीवर बसत नाही. परवा तिने मोजून सांगितलं, सत्तावीस.

देविदास, दोन महिन्यांचे नऊ महिने झाले. कुलूप गंजलं असेल, त्यात गोडंतेल सोड. कापूस फुटला की मी येतो आठ दिवस. येचणीला ज्या बाया येतील त्यांना सांगून ठेव, पट्टा कोणाला लावायचा असेल तर नवार मी घेऊन येतो, आणि कोणी हसलं तर माझ्याशी गाठ आहे. घर कुठलं, हे मला आता नीट सांगता येत नाही. पण इथं प्रज्ञा आतून "बाबा" म्हणते तेव्हा हातात भाकर असली तरी मी ती ताटात टाकून उठतो. ती म्हणते, "अवो, जेवून तं घ्या, काई नाई झालं." मी म्हणतो, "आधी सांग."